उपवासाच्या दिवशी कुणाचं ऐकायचं? कोकणातल्या ज्यूंचा दारफळणीचा सण

'इतिहासातल्या आयाबाया' या आपल्या मालिकेत आज उपवासाबद्दल बोलायचं आहे. उपवास आपल्याला नवा नाही. श्रावणी सोमवार, हरितालिका, एकादशी, नवरात्र, रमजानचे रोजे, सगळं आपल्या गटांत चालतं. उपवासाच्या दिवशीही बैठक होते, हप्ता भरला जातो, शेतातलं कामही चुकत नाही. पण आज आपला उपवास बाजूला ठेवू आणि शेजारच्या घरातला पाहू. हा ज्यू लोकांचा उपवास आहे. तो दूरदेशीचा वाटला तरी आपल्या रायगड जिल्ह्यात शेकडो वर्षं मराठी बोलणाऱ्या घरांत पाळला गेला आहे.

अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा, पनवेल या भागातल्या जुन्या माणसांना 'शनवार तेली' हे नाव ठाऊक असेल. हे लोक घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिलं. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांच्यात परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. गावावरून आडनावं घ्यायची कोकणची रीत त्यांनीही उचलली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर ही त्यांचीच आडनावं. बायका नऊवारी नेसायच्या आणि घरात मराठीच बोललं जायचं.

या समाजाकडे पिढ्यान् पिढ्या धर्मग्रंथ नव्हते. शनिवार पाळायचा, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, खवले नसलेला मासा खायचा नाही, एवढं पक्कं माहीत होतं. 'शमा' नावाची एक प्रार्थना पाठ होती आणि वर्षाचे सण लक्षात होते. पुढे १९व्या शतकात कोचीहून ज्यू शिक्षक आले, बायबल मराठीत छापून आलं, तेव्हा बाकीच्या गोष्टी त्यांना पुस्तकातून कळल्या. त्याआधीचे सण टिकले ते घरातून. कोणत्या दिवशी काय शिजवायचं, काय टाळायचं आणि कधी दार लावायचं, हे सगळं सांभाळणारी घरातली बाईच होती. जी गोष्ट पुस्तकात नव्हती ती चुलीपाशी जपली गेली.

सणांची नावं ऐकली की हे लक्षात येतं. नव्या वर्षाचा तो नव्याचा सण. एका उपवासाचं नाव बिरड्याचा सण, कारण तो बिरड्यावरून ओळखला जायचा. आपलं मोड आलेल्या वालांचं बिरडं, तेच. काही उपवासांना ते 'रोजा' म्हणत. म्हणजे सण हा शब्द हिंदू शेजारणीचा आणि रोजा मुसलमान शेजारणीचा. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या उपवासाचं नाव होतं दारफळणीचा सण, म्हणजे दारं लावून घेण्याचा सण. ही नावं आणि चालीरीती याच समाजातल्या हाईम शमुवेल केहीमकर यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवल्या. त्यांचं पुस्तक छापून आलं ते १९३७ साली.

जगभरचे ज्यू या मोठ्या उपवासाला 'योम किप्पूर' म्हणतात, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. त्यांचं पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यातही अधिक महिना येतो. त्यांच्या तिश्री महिन्याच्या दहाव्या तिथीला हा उपवास असतो. ही शुद्ध पक्षातली दशमी, म्हणून पुष्कळदा आपला दसरा आणि त्यांचा हा उपवास एकाच दिवशी येतात. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी तसंच झालं. आपल्याकडे नवरात्राचे उपवास सुटत होते तेव्हा त्यांच्याकडे वर्षातला सर्वांत कडक उपवास चालू होता.

कडक म्हणजे किती? ज्यूंचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आधी जेवण आटपायचं. तिथून दुसऱ्या दिवशी रात्र पडून तारे दिसेपर्यंत, साधारण २५ तास, अन्न नाही आणि पाणीही नाही. अंघोळ नाही, अंगाला तेल नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत आणि नवरा-बायकोने एकत्र यायचं नाही. कोकणातली बेने इस्रायल मंडळी आदल्या दिवशी न्हाऊन, पांढरे कपडे घालून दारं लावून घ्यायची आणि दिवस प्रार्थनेत घालवायची. उपवास सुटला की दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि एकमेकांकडे जायचं.

एवढा कडक उपवास असताना घरात गरोदर बाई असेल, ओली बाळंतीण असेल, आजारी म्हातारी असेल, तर तिने काय करायचं? आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. हा प्रश्न कुणा डॉक्टरने परवा काढलेला नाही. ज्यूंच्या धर्मपंडितांनी तो सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवला आणि त्याची उत्तरंही दिली. 'मिश्ना' नावाचा त्यांचा नियमांचा ग्रंथ इसवी सन २०० च्या सुमारास तयार झाला. त्यावरच्या चर्चेतून पुढे 'तालमूद' हा मोठा ग्रंथ झाला. त्यात या एका उपवासासाठी 'योमा' नावाचा वेगळा भाग आहे. त्यातल्या चार गोष्टी आपण पाहू.

पहिली गोष्ट डोहाळ्यांची. गरोदर बाईला उपवासाच्या दिवशी अन्नाचा वास आला, जीव कासावीस झाला, तर काय करायचं? आधी तिच्या कानात हळूच सांगायचं की आज तो उपवास आहे. तेवढ्याने मन शांत झालं तर उत्तम. नाही झालं तर काडी रश्शात बुडवून तिच्या ओठाला लावायची. तेवढ्याने भागलं नाही तर रस्सा द्यायचा. त्यानेही भागलं नाही तर जे हवं ते अन्नच द्यायचं, तिला बरं वाटेपर्यंत. म्हणजे डोहाळे हे बाईचे नखरे नव्हेत, त्यात तिच्या आणि बाळाच्या जिवाचा प्रश्न असू शकतो, हे त्यांनी तेव्हाच मानलं होतं.

दुसरी गोष्ट बाळंतिणीची. त्या दिवशी पायात चामड्याचं काही घालायचं नसतं, पण बाळंतिणीने घालावं, कारण तिच्या पायांना गारठा लागता कामा नये. आपल्या आज्याही बाळंतिणीला गार फरशीवर पाय ठेवू देत नव्हत्या, तीच ही काळजी. उपवासाबद्दलही नियम आहे. बाळंत होऊन तीन दिवस झाले नसतील तर तिने उपवास करायचाच नाही, ती स्वतः करते म्हणाली तरी नाही. पुढे सातव्या दिवसापर्यंत तिने नुसतं म्हटलं की मला खायला हवं, तरी तिला खायला द्यायचं.

तिसरी गोष्ट लेकरांची. लहान मुलांना उपवास नाही. वयात यायला एक-दोन वर्षं राहिली की थोडाथोडा वेळ थांबण्याची सवय लावायची. पण मुलाला भरवायचं तर हात धुवावे लागणार, आणि त्या दिवशी तर धुणं वर्ज्य. मग आईने एक हात धुवावा आणि भरवावं, असं ठरलं. शम्माय नावाचे एक फार कडक पंडित होते. ते एका हातानेही भरवायला तयार होईनात. तेव्हा बाकीच्या पंडितांनी त्यांना फर्मावलं की तुम्ही दोन्ही हातांनी भरवायचं. कडक नियम पाळणाऱ्याने लेकराला उपाशी ठेवून पुण्य जोडू नये, हा त्याचा अर्थ.

चौथी गोष्ट आजारी माणसाची, आणि आम्हाला ती सगळ्यांत मोलाची वाटते. आजारी माणूस म्हणतो, मला खायला हवं. वैद्य म्हणतो, काही गरज नाही. ऐकायचं कुणाचं? आजारी माणसाचं. शंभर वैद्य एका बाजूला असले तरी त्याचंच ऐकायचं, कारण आपल्या जिवाची वेदना आपल्यालाच कळते. आता उलट पाहा. वैद्य म्हणतो, हिला खायला द्या. आजारी बाई म्हणते, नको, माझा उपवास आहे. मग? मग वैद्याचं ऐकायचं. म्हणजे बोलणारा कोण यावर हे ठरत नाही. दोघांपैकी जो 'खा' म्हणतो त्याचं ऐकायचं.

हा नियम साधा आहे, पण त्याने घरातली केवढी भांडणं मिटतात! बाई म्हणाली मला चक्कर येते, तर सासूने, नवऱ्याने किंवा पुजाऱ्याने 'काही होत नाही' म्हणायची सोय नाही. आणि बाई स्वतःच हट्टाला पेटली, तर डॉक्टरच्या शब्दापुढे तिचा हट्ट चालत नाही. यामागचं तत्त्व 'पिकुआह नेफेश', म्हणजे जीव वाचवणं. धर्माचे नियम माणसाने जगावं म्हणून दिले आहेत, त्यांच्यापायी मरावं म्हणून नाहीत, असा त्याचा खुलासा पंडितांनी केला. त्यामुळे जिवाला धोका असताना खाणारी बाई व्रत मोडत नाही. ती दुसरा, त्याहून मोठा नियम पाळते.

हे नुसतं ग्रंथात राहिलं नाही. १८४८ साली व्हिल्ना शहरात पटकीची साथ आली. आज हे शहर लिथुआनिया देशाची राजधानी आहे, तेव्हा तिथे रशियाचं राज्य होतं. उपाशी शरीर पटकीला तोंड देऊ शकत नाही, म्हणून इस्रायल सालांतर या धर्मगुरूंनी लोकांना सांगितलं की यंदा उपवासाचा हट्ट धरू नका, खा. लोक कचरत होते, तेव्हा त्यांनी प्रार्थनामंदिरात सगळ्यांसमोर उभं राहून स्वतः घास खाल्ला, असं सांगतात. ही गोष्ट लोक वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात, पण ती आजही ज्यू घरांत आठवली जाते. मोठ्या माणसाने स्वतः पुढे होऊन घास खाल्ला की भीतीने उपाशी राहिलेल्या दहा जणांचा जीव मोकळा होतो.

आता यातून 'सगळ्यांना सूट' असं कुणी समजू नये. दारफळणीच्या सणाला धडधाकट गरोदर बाईनेही उपवास करावा, असंच त्यांचं शास्त्र सांगतं. सरसकट माफी नाही, प्रत्येकीचा वेगळा विचार आहे. लहान उपवास पहाटेपासून रात्र पडेपर्यंतचे असतात. त्यांतून मात्र गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सहसा मोकळीक असते. मोठ्या उपवासालाही एक मधली वाट आहे. डॉक्टर म्हणाले की थोडं थोडं खाऊन भागेल, तर मोजून घ्यायचं. आजकाल पुष्कळ जण साधारण ३० मिलीचं माप धरतात, म्हणजे दोन मोठे चमचे. औषधाच्या बाटलीबरोबर छोटं माप येतं, ते वापरायचं. एकदा घेतलं की साधारण ९ मिनिटं थांबून पुन्हा घ्यायचं. पण जीव घाबरा झाला, धोका दिसला, तर माप बाजूला ठेवून पोटभर खायचं आणि प्यायचं.

सुरक्षित उपवासाची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. त्या दिवशी नीट खाणं-पिणं हेसुद्धा ज्यू परंपरेत पुण्याचंच काम मानलं आहे. ही तयारी आपल्याही निर्जळ उपवासाला लागू पडते, म्हणून नीट ऐका.

चहाची सवय असेल तर आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करा. उपवासाच्या दिवशीचं डोकं बरेचदा चहा तुटल्यामुळे दुखतं. आदल्या दिवशी सकाळपासून घोट घोट पाणी पीत राहा. शेवटच्या जेवणात एकदम तांब्याभर पाणी प्यायलं तर ते तासाभरात निघून जातं. शेवटच्या जेवणाला लोणचं, पापड, खारट-तिखट नको, तहान वाढते. भात किंवा भाकरी, डाळ, भाजी, एखादं फळ असं साधं जेवण बरं. उपवासाच्या दिवशी उन्हातलं काम टाळा. सोडताना आधी पाणी किंवा सरबत, मग थोडं हलकं अन्न, आणि तासाभराने नेहमीचं जेवण.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय उपवास करू नये आणि औषधही स्वतःच्या मनाने बंद करू नये. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली, हातपाय थरथरले, घाम फुटला, तर त्याच क्षणी साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा. रक्तदाबाचा, किडनीचा, हृदयाचा आजार असेल, अंगात रक्त कमी असेल, तरी आधी विचारायचं. गरोदर बाईला चक्कर आली, लघवी गडद झाली किंवा फार कमी झाली, पोटात कळा येऊ लागल्या, बाळाची हालचाल मंदावली, तर उपवास तिथेच थांबवून प्यायचं, खायचं आणि दवाखाना गाठायचा. अंगावर पाजणारीचं दूध आटू लागलं, बाळाची लघवी कमी झाली, तरी थांबायचं नाही, लगेच पाणी आणि अन्न घ्यायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, सरळ गाडी बोलवा.

आता तुम्ही विचाराल, खाल्लं तर मग त्या दिवसाला अर्थ काय उरला? ज्यू परंपरेचं उत्तर इथेही विचार करण्यासारखं आहे. या दिवशी देवाकडे क्षमा मागायची असते. पण मिश्नेत स्पष्ट सांगितलं आहे की माणसाने माणसावर केलेला अन्याय या दिवसाने धुतला जात नाही, ज्याला दुखावलं त्याची समजूत काढल्याशिवाय नाही. जावेशी वर्षभर बोलणं नाही, शेजारणीचे पैसे दिलेले नाहीत, आणि २५ तास पाणी प्यायलं नाही, तर तो हिशेब पुरा होत नाही. म्हणून या दिवसाच्या आधी लोक एकमेकांकडे जाऊन माफी मागतात. हे काम आजारी बाईही करू शकते, खाटेवर पडल्या पडल्या.

त्या सकाळी प्रार्थनामंदिरात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला एक भाग वाचतात. उपवास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता, भांडता, मग देवाने तुमचा उपवास का मानावा, असा त्याचा रोख आहे. भुकेल्याला आपल्यातलं द्या, बेघराला आसरा द्या, उघड्याला वस्त्र द्या, हाच खरा उपवास, असं तो सांगतो. सगळे भुकेने बसलेले असताना हे वाचलं जातं. एक दिवसाच्या भुकेतून रोजच्या भुकेची आठवण व्हावी, एवढ्यासाठी. आपल्या कोकणातला शिळा सण, दुसऱ्या दिवशीचा तो दानधर्म, याच वाटेवरचा आहे.

१९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या वर्षांत बेने इस्रायल मंडळी मोठ्या संख्येने तिकडे गेली. दिमोना, रामला, लोद, अश्दोद या गावांत आज त्यांची घरं आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिकडून निघत आलं आहे. मुंबईत मशीद बंदरला त्यांनी १७९६ साली बांधलेलं पहिलं प्रार्थनामंदिर आहे. अलिबागच्या इस्रायल आळीतही आहे, रेवदंड्याला आणि पनवेलला आहे. कधी त्या बाजूला गेलात तर बाहेरून तरी पाहून या. इथल्या बायकांनी पुस्तकाशिवाय हा दिवस जपला होता.

मैत्रिणींनो, आम्ही गटांच्या बैठकींना फिरतो तेव्हा श्रावणापासून दिवाळीपर्यंत एक वाक्य सारखं कानावर येतं, 'ताई, मोडलं तर पाप लागेल.' हे म्हणणारी कधी सातव्या महिन्यातली असते, कधी साखरेच्या गोळ्या घेणारी, कधी हिमोग्लोबिन सात असलेली. तिला 'उपवास सोड' असं आम्ही नुसतं सांगितलं तर ती मान हलवते आणि घरी जाऊन उपाशीच राहते. तिला धर्माच्या तोंडून परवानगी हवी असते. ती परवानगी आपल्या परंपरेतही आहे. आपल्याकडे आजारी माणसाला, बाळंतिणीला व्रतातून मोकळीक आहेच. रोज्यात आजारी, गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला रोजा पुढे कधीतरी भरून काढता येतो. पण ते घरात मोठ्याने कुणीतरी बोलावं लागतं.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करू या. गटातल्या कोण गरोदर आहेत, कोण पाजत्या आहेत, कुणाला साखर किंवा रक्तदाब आहे, याची यादी आपल्याकडे असतेच. सणाच्या आदल्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकेकीच्या घरी दोघींनी जायचं. तिच्याशी बोलायचंच, पण तिच्या सासूशी आणि नवऱ्याशीही बोलायचं. आशाताईंना सोबत घ्यायचं. आणि वयाने मोठी, जिचा गावात मान आहे अशी एखादी मावशी किंवा काकू असेल, तर तिने सगळ्यांसमोर म्हणायचं, 'बाई, तू खा. तुझा उपवास आम्ही धरतो. तू फक्त ज्याच्याशी बोलणं टाकलंयस त्याच्याशी आज बोल.'

दोघांपैकी जो 'खा' म्हणेल त्याचं ऐकायचं, एवढा एक नियम ध्यानात ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या गावची, दुसऱ्या काळातली गोष्ट घेऊन येऊ. तोवर जपून राहा. नमस्कार.